बोकडाचा उजवा डोळा आणि आमचा फल्चा

हेराकाजी रंजितकार यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती बोकडाच्या डोक्यात होती. डोक्यातही उजव्या बाजूला.

लोक पशुपतीला जाऊन मोक्ष मागतात, पोरासाठी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मागतात, सुनेसाठी अक्कल मागतात. हेराकाजींचं मागणं एका घासाचं होतं. आमच्या गुठीचं, म्हणजे आळीतल्या घराण्यांच्या धार्मिक मंडळाचं, वर्षातून एकदा भोजन असतं. त्या दिवशी बळी दिलेल्या बोकडाचं डोकं उकडून त्याचे वाटे करतात आणि ते वयाच्या क्रमाने देतात. सगळ्यांत वडील तो थकाली; त्याला उजवा डोळा. दुसऱ्याला डावा डोळा, तिसऱ्याला उजवा कान, चौथ्याला डावा, मग नाक, जीभ, जबडा असं करत करत आठव्याला शेपटी. शेपटी डोक्याला नसते हे आम्हांलाही ठाऊक आहे, पण आठव्याचंही मन राखायला हवं. नवव्यापासून पुढे सगळ्यांना रस्सा. मी त्या पंगतीत इतका खाली बसतो की माझ्यापर्यंत येईस्तोवर रश्श्यालाही बोकडाची फक्त आठवण उरलेली असते.

ही जागा विकत मिळत नाही, निवडणूक लढवून मिळत नाही, मंत्र्याच्या भाच्याने फोन केला तरी मिळत नाही. काठमांडूत अशी ही एकच जागा शिल्लक आहे. वर सरकायचा मार्गही एकच: आपण टिकायचं आणि पुढच्याने टिकायचं नाही. हेराकाजी टिकले. पंचाईत अशी झाली की त्यांच्या पुढचे पन्चेमानही टिकले.

पन्चेमान थकाली सकाळी उठल्यावर घरची दारू प्यायचे, दुपारी झोप मोडायला प्यायचे आणि संध्याकाळी वैद्याने सांगितलं म्हणून प्यायचे. त्यांना बंदी घालणारे दोन वैद्य आमच्या डोळ्यांदेखत गेले. दर वर्षी पंगतीत ते उजवा डोळा तोंडात टाकायचे, स्वतःचे दोन्ही मिटायचे आणि फुरसतीत चघळत बसायचे. शेजारी हेराकाजी डावा घेऊन.

"हेरा, डावा कसा आहे?" पन्चेमान विचारायचे.

"चांगला आहे, दाजु."

"हं. उजव्याची गोष्टच वेगळी."

दर वर्षी हेच, इतकंच. आमच्या शेजारच्या देशांत यापेक्षा कमी बोलण्यावरून युद्धं झालेली आहेत. पण हेराकाजी दाजूंच्या, म्हणजे मानलेल्या थोरल्या भावाच्या, पेल्यात दारू ओतायचे. कधी कधी जरा जास्तच ओतायचे.

हेराकाजींचा पिढीजात धंदा रंगाचा. असनच्या बाजाराकडे जाणाऱ्या बोळात त्यांचं दुकान. पूर्वी तिथे सूत रंगवायचे, मग साड्या रंगवायला लागले, आणि सगळ्या साड्या रंगूनच यायला लागल्या तेव्हा ते डब्यांतून रंग आणि शेंदूर विकू लागले. हात मात्र जन्मभराचे रंगलेले. कुठला सण जवळ आलाय हे आम्ही पंचांगात बघत नसू, हेराकाजींच्या बोटांवर बघत असू. त्यांची नखं कुठल्याच साबणाला कधी शरण गेली नाहीत.

दुकान बंद केलं की ते चौकातल्या फल्च्यावर येऊन बसत. फल्चा म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली उघडी ओसरी: कोरीव खांब, वर कौलारू छप्पर, खाली हातभर उंच फळ्यांची बैठक. आमचा फल्चा तीनशे वर्षांचा. आमच्याकडे ज्याचं वय माहीत नाही ते सगळं तीनशे वर्षांचं असतं. त्यावर वाटसरू सोडून सगळं असायचं. वाळत घातलेल्या मिरच्या, पत्त्यांचा डाव, कुणाची तरी गादी, कुणाची तरी बकरी. खांबाला एक निळा फलक होता, "ऐतिहासिक वास्तू, येथे वाहने लावू नयेत". त्या फलकाला हेल्मेट अडकवायची फार चांगली सोय होती.

पाहुणे कॅमेरे घेऊन यायचे. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या हेराकाजींना आजोबा म्हणून हाक मारून विचारायचा, "बाज्या, हा फल्चा किती जुना, असं विचारतायत."

"ते कुठले?"

वाटाड्या देशाचं नाव सांगायचा.

"त्यांच्या देशाहून जुना, म्हणावं."

हे उत्तर बहुतेक देशांना लागू पडत असे. एकदा एक बाई ग्रीसहून आल्या. हेराकाजींनी नखं न्याहाळत जरा विचार केला आणि म्हणाले, "मग बरोबरीचा धरा."

मग तो मोठा भूकंप आला. काष्ठमंडप पडला, धरहरा पडला, राजवाड्यासमोरची देवळं विटांचे ढीग होऊन पडली, आमचा फल्चाही पडला. पन्चेमान उभे राहिले. रोज दुपारी ते फल्च्यावरच झोपलेले असत. त्या दिवशी नेमके लघवीला उठले होते. धुरळ्यातून ते चालत आले तेव्हा हेराकाजींनी धावत जाऊन त्यांना मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. आळीने त्या रडण्याचा अर्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे लावला. मी सांगतो, ते खरं रडणं होतं. माणसाला आपल्या पुढच्याची सवय होते.

त्या हिवाळ्यात पन्चेमान गेले. आजार नाही, काही नाही. बहुधा झोपायला फल्चा उरला नाही म्हणून गेले. हेराकाजींनी मनापासून सुतक पाळलं आणि सुतक फिटलं त्या दिवशी ते आमच्या गुठीचे थकाली झाले.

आता तुम्ही म्हणाल, मिळाला डोळा. पण गुठीची पंगत फल्च्याच्या छपराखाली बसते. दुसरीकडे बसली तर चालेल का हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं, कारण फल्चा पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. वाडवडिलांनी जे सांगितलं नाही ते आमच्याकडे निषिद्ध असतं. फल्चा नाही तर पंगत नाही, पंगत नाही तर बोकड नाही, आणि बोकड नाही तर डोळा कुठला? ज्या माणसाने जन्मभर फल्च्याकडे पाठ टेकण्यापलीकडे लक्ष दिलं नव्हतं, तो एका रात्रीत वास्तुसंवर्धक झाला.

फल्चा पुन्हा बांधायला आळीने समिती नेमली. अध्यक्ष अष्टनारायण. हा एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. समोर आलेलं काम एकदाही नाकारायचं नाही आणि एकदाही करायचं नाही, ही विद्या त्याने तिथे तीस वर्षं अभ्यासली होती. पन्चेमान होते तेव्हा पंगतीत तो तिसरा. उजवा कान त्याचा. आता तो दुसरा. म्हणजे हेराकाजींच्या लगेच मागे, आणि वयाने फक्त दोन वर्षांनी लहान.

समिती बसली आणि अष्टनारायणने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "फल्चा मूळ पद्धतीनेच होणार. वारसा आहे हा."

हेराकाजींनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मूळ पद्धत म्हणजे काय हे मग वर्षभरात हळूहळू उलगडत गेलं. सिमेंट नको, चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, हवी. सुरखी जुन्या विटांचीच हवी. लोखंडाचा खिळा नको, लाकडाची खुंटी हवी. लाकूड साल वृक्षाचंच हवं, आणि तोडल्यावर ते दोन पावसाळे मुरायला हवं. खांब कोरणारा बुंगमती गावचाच हवा. तो मिळाला तेव्हा त्याची आई वारली आणि तो वर्षभर सुतकात बसला. सुतक सुटलं तर मुहूर्त नव्हता. मुहूर्त होता तर पाऊस होता.

हेराकाजी प्रत्येक बैठकीला यायचे आणि उकिडवे बसून ऐकायचे. शेवटी एकदा त्यांना राहवेना.

"अष्टनारायण, लाकूड दोन पावसाळे मुरवायचं म्हणजे काय? फल्चा बांधतोय की लोणचं घालतोय?"

"दाजु, घाईघाईत वारसा होत नसतो."

"माझ्या साडूचा पोरगा ठेकेदार आहे. सिमेंटचे खांब महिन्यात उभे करतो म्हणतोय. रंग मी देतो. लाकडाच्या रेषांसकट देतो. मल्ल राजा उठून आला तरी खांबाला नख लावल्याशिवाय त्याला कळायचं नाही."

बैठकीला जर्मनीहून आलेल्या एक संशोधक बाई होत्या. त्या आमच्या विटांवर पुस्तक लिहीत होत्या. कुणीतरी त्यांना हे भाषांतर करून सांगितलं, आणि ज्या नजरेने बाईंनी हेराकाजींकडे पाहिलं ती नजर माणसं सहसा मूर्तिचोरांसाठी राखून ठेवतात.

अष्टनारायणने छातीवर हात ठेवला. "मी जिवंत आहे तोवर ह्या चौकात सिमेंटचा कण लागू देणार नाही."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अष्टनारायणचा पडक्या विटांवर उभं करून फोटो काढला. वारसा जपणारा सच्चा माणूस म्हणून तो त्यांच्याकडच्या कुठल्यातरी मासिकात छापूनही आला. खाली आमच्या चौकाचं नाव चुकलं होतं, एवढंच.

"थकालींनाही घेऊ या फोटोत," बाई म्हणाल्या होत्या.

"नको," हेराकाजी म्हणाले. "माझे दोन डोळे त्याच्या एवढ्या जवळ ठेवणं बरं नाही."

आळीला वाटत होतं, अष्टनारायण स्वभावानेच मंद आहे. तो मंद नव्हता. एका सकाळी तो हेराकाजींच्या दुकानात आला, चहा मागवायला लावला, आणि म्हणाला, "दाजु, तुमचा जंकू जवळ आला की. अभिनंदन."

जंकू म्हणजे सत्याहत्तरी उलटून काही महिने झाले की मुलंनातवंडं म्हाताऱ्याला बायकोसकट लाकडी रथात बसवतात आणि देवळांभोवती ओढत फिरवतात. तो रथातून उतरतो तो देव होऊन. नवरा कितव्या वर्षाचा हेच बघतात. बायको त्याच्या वयावर स्वार होते.

"माघात आहे," हेराकाजी म्हणाले.

"मग पंगतीत काही आता बसणं होणार नाही तुमचं."

"का?"

"देव कसा पंगतीत बसेल, दाजु? पूर्वीचे थकाली तुयुमान बाज्या रथात बसले तेव्हा पंगतीतून उठले. पन्चेमान रथाच्या आधीच गेले, म्हणून पुन्हा प्रश्न आला नाही. माझे आजोबा सांगायचे. मूळ पद्धत आहे. विचारा ना कुणालाही."

हेराकाजींनी विचारलं. दुर्दैवाने सगळ्यांना आठवत होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या धर्ममानला तर इतकं लख्ख आठवत होतं की तुयुमान बाज्यांनी उठताना कुठला हात टेकला तेही त्याने सांगितलं. धर्ममानला पन्चेमानच्या वेळी डावा कान मिळायचा. हेराकाजी देव झाले की त्याला डावा डोळा. स्मरणशक्तीला यापेक्षा चांगलं औषध नाही.

आता सगळा डाव उघड झाला. माघाच्या आत फल्च्याला छप्पर चढलं तर डोळा हेराकाजींचा. नाही चढलं तर अष्टनारायणचा. आणि छप्पर कधी चढायचं हे अष्टनारायणच्या हातात. एक लाकूड मुरत होतं, एक माणूस मुरत होता.

हेराकाजी जोशीबुवांकडे गेले. आमच्या आळीची जन्मवेळ, लग्नं आणि मरणं यांचा हिशोब पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याकडे.

"जोशीबुवा, पत्रिका जरा बघा. मी थोडा पुढे जन्मलो असेन असं मला हल्ली वाटतंय."

"किती पुढे?"

"फार नाही. दोनेक वर्षं."

जोशीबुवांनी चष्मा काढला. "हेराकाजी, मी पत्रिका वाचतो. कणकेसारखी मळत नाही. तुमच्या आईला कळा येत होत्या तेव्हा माझे वडील तुमच्या अंगणात थंडीने कुडकुडत बसले होते. ते काय दोन वर्षं बसले होते?"

"नाही, पण चूक होऊ शकते."

"झालीच असेल," मागून आवाज आला. "तेव्हाच झाली."

चिनीमाया पालकाची जुडी घेऊन दारात उभी होती. हेराकाजींची बायको. बाजारातून येताना नवऱ्याच्या चपला जोशांच्या उंबऱ्याशी दिसल्या म्हणून आत आली होती.

वाटेत ती नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालली. घरी आल्यावर पालक निवडायला बसली आणि पाल्याकडेच बघत बोलू लागली. मी माझ्या खिडकीत होतो. आमच्या खिडक्यांच्या मधून बोळ जातो, पण गुपित काही राहत नाही.

"पंधराव्या वर्षी ह्या घरात आले मी. त्या साली सासूबाईंचा रथ निघाला. मी मागून अनवाणी, पाण्याचा कलश घेऊन. दगड तापलेले. सासूबाईंनी वरून मान वळवली. मला वाटलं, काही गोड बोलतील. म्हणाल्या, सूनबाई, पाणी सांडतंय. तेव्हाच मनात धरलं, एक दिवस मीही वरून बोलणार."

"अगं, पण—"

"आता मला सांगताय तुम्ही दोन वर्षांनी लहान झालात. बोकडाच्या डोळ्यासाठी."

"साधा डोळा नाही तो. थकालीचा आहे."

"माहीत आहे मला. इतकी वर्षं ते डोकं भाजायचं कुणी? मी. केस खरवडायचे कुणी? मी. उकडायचं मी. आणि वाटे करायची वेळ आली की, बाई, आता हात लावू नकोस. कान तर सोडाच, मला कधी त्याची मिशी नाही मिळाली."

हेराकाजी पालकाच्या जुडीकडे बघत बसले. सगळ्या आयुष्याचा विचार करत होते की बोकडाच्या मिशीचा, ते इकडून कळत नव्हतं. मग उठले, तळमजल्यावर गेले आणि लाकडांच्या ढिगामागून जुना रथ ओढून बाहेर काढला. एक चाक वाळवीने खाल्लं होतं. ते बसवून घेतलं, आणि मग दुकानातून स्वतः रंग कालवून आणला. जांभळट लाल, असा लाल त्यांनी गिऱ्हाइकाला कधी दिला नव्हता. दिवसभर चौकात बसून ते चाकं रंगवत होते, आणि समोर छपराविना फल्च्याचे खांब उभे होते, अगदी मूळ पद्धतीचे.

अष्टनारायण येऊन उभा राहिला. "सुंदर झालाय, दाजु."

"हो ना. रंग वाळायला दोन पावसाळे लागत नाहीत याला."

माघात रथ निघाला. त्या सकाळी चौकातल्या मोटारसायकली हलवल्या गेल्या, म्हणजे जे काम निळ्या फलकाला जमलं नव्हतं ते एका म्हाताऱ्याने करून दाखवलं. सिडनीहून आलेला थोरला मुलगा एका हाताने दोर ओढत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा व्हिडिओ काढत होता. चिनीमाया लाल काठाची काळी साडी नेसून, कानांत सोन्याचे जड डूल घालून वर बसली होती, आणि चाळीस वर्षांनी लहान दिसत होती. गणेशाच्या देवळाशी रथ वळला तेव्हा तिने मान फिरवून मागे पाहिलं. थोरली सून, बँकेत मॅनेजर, कलश घेऊन उंच टाचांवर चालत होती.

"सूनबाई," चिनीमाया म्हणाली, "पाणी सांडतंय."

पाणी सांडत नव्हतं. पण ते वाक्य साठ वर्षं साठवलेलं होतं, ते काही परत नेता येत नव्हतं.

सगळ्या आळीने पाया पडून घेतलं. अष्टनारायण तर इतका वाकला की त्याच्या निवृत्त कमरेची काळजी वाटावी.

"देवा," तो म्हणाला, "आता तुम्हांला कसली भूक आणि कसली तहान."

हेराकाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताचा जांभळट लाल रंग ओला होता की नाही ठाऊक नाही. अष्टनारायणच्या पांढऱ्या टोपीवर पाच बोटं उमटली, ती पुढे किती तरी दिवस निघाली नाहीत.

यानंतर जे झालं त्याला काही जण देवाची कृपा म्हणतात. लाकूड एकदम मुरलं. बुंगमतीचा कारागीर सहकुटुंब येऊन राहिला. मुहूर्तांचे तर घडच्या घड लागले. चैत्र यायच्या आत फल्च्याला छप्पर आलं, कौलं चढली, खांबांवरच्या यक्षिणी हसू लागल्या. आणि हे मी कबूल करतो, असा फल्चा अख्ख्या शहरात दुसरा नाही. इतर चौकांत घाईने बांधलेल्या फल्च्यांच्या खांबांवर टकटक केली की सिमेंट ओ देतं. आमचा शुद्ध. जर्मन बाई म्हणतात, आळीच्या प्रेमामुळे वारसा जपला जातो. प्रेमाने जे होत नाही ते मत्सर किती नेटकं करतो, हे त्यांच्या पुस्तकात आलेलं नाही.

पंगतीचा दिवस ठरला. अष्टनारायण नवे थकाली, टोपीवर पाच बोटं, पंगतीच्या डोक्याशी. जर्मन बाई कॅमेरा घेऊन आलेल्या. बाई आल्या म्हटल्यावर अष्टनारायणच्या अंगात मूळ पद्धत पुन्हा संचारली. बोकडाचं डोकं वाटे करण्याआधी चौकातल्या देवांना दाखवायचं असतं. गेली कित्येक वर्षं आम्ही ताट फल्च्यावरूनच चौकाच्या दिशेने फिरवायचो, की झालं; सगळे देव एकदम उरकायचे.

"असलं चालणार नाही," अष्टनारायणने सांगितलं. "पूर्वी प्रत्येक देवापुढे ताट नेऊन ठेवायचे. एकही देव चुकवायचा नाही. मूळ पद्धत."

गुभाजू, म्हणजे आमचे पुरोहित, ताट घेऊन उठले. पुढे ते, मागे अष्टनारायण, त्यामागे कॅमेरा, आणि भुकेली पंगत बसल्या जागेवरून बघत. ताट गणेशापुढे ठेवलं. मग नाच-गाण्याच्या देवापुढे, जो भिंतीतलं एक भोक आहे. मग अजिमा देवीपुढे, जी पन्हळीखालचा दगड आहे. दगडी देवांचं हे बरं असतं, दाखवलं की पुरतं. ताट जसंच्या तसं परत. परतीची वाट हेराकाजींच्या दारावरून होती. दारात दोन खुर्च्या टाकून नवीन देव नवराबायको बसलेले होते.

गुभाजू पुढे गेले.

"अष्टनारायणबाबू," चिनीमाया शांतपणे म्हणाली, "आमच्या दारावरून ताट तसंच नेताय?"

अष्टनारायण थोरल्या वहिनीपुढे थांबावं तसा थांबला. "भाउजू, तुमचं जेवण घरी पाठवतोय ना."

"जेवणाचं नाही म्हणत मी. माघात रथात कोण बसलं होतं?"

"तुम्ही दोघं."

"उतरलो ते कोण होऊन?"

अष्टनारायणने टोपी सरळ केली.

"तुम्हीच म्हणालात ना, देव. देव म्हणून पंगतीतून उठवलंत. मग देव म्हणून चुकवता कसे?"

पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे." बहुधा आठवा, त्याची शेपटी कुठेच जाणार नव्हती. बाईंनी शेजाऱ्याला काय चाललंय म्हणून विचारलं आणि ऐकून भराभर लिहायला लागल्या. गुभाजूंनी ताटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"एकही देव चुकवायचा नाही असं थकालीच म्हणाले," ते म्हणाले.

अष्टनारायणने बाईंच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "दाखवा, दाखवा. दाखवायला काय जातं. देवाला वासच पुरतो."

ताट दोन खुर्च्यांच्या मध्ये ठेवलं गेलं. बोकडाचं डोकं, वाफ येत असलेलं. हेराकाजी त्या उजव्या डोळ्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत दोघं इतके जवळ कधी आले नव्हते. त्यांचा हात हळूच उठला. लाल, निळी, पिवळी नखं ताटाच्या काठाशी आली. अख्खा चौक माना उंचावून बघत होता.

चिनीमायाचा हात आधी पोहोचला.

तिने उजवा डोळा सफाईने काढला, तोंडात टाकला, स्वतःचे दोन्ही मिटले आणि चघळू लागली. देवाला काय बोलणार.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "कुणी उकडलंय?"

हेराकाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हांला वाटलं, रडतायत. ते हसत होते. त्यांनी हात पुढे करून डावा डोळा उचलला. ती जागा त्यांच्या बोटांना पाठ होती.

ताट फल्च्यावर परत आलं ते दोन्ही डोळ्यांविना. तीनशे वर्षांच्या नव्या कोऱ्या छपराखाली, पंगतीच्या डोक्याशी, अष्टनारायण थकालींना उजवा कान मिळाला. धर्ममानला डावा. पन्चेमान होते तेव्हासारखंच सगळं, अगदी मूळ पद्धतीने. मला रस्सा आला. मीठ खरंच कमी होतं.

दारातून चिनीमायाचा आवाज आला.

"अहो, डावा कसा आहे?"

"चांगला आहे."

"हं," ती म्हणाली. "उजव्याची गोष्टच वेगळी."